एक बैलगाडी, आठ मोटारी

एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी. हे गणित मला वयाच्या ५७व्या वर्षी कळलं. तेही रात्री पावणेदहाला, शहादा–दोंडाईचा रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, एका पायाने लंगडणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, कानटोपी घालून.

सांगणारा माझा भाचा. तो सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे. त्याला आठवडाभराचं काम मिळालं होतं. रस्त्याच्या कडेला बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायच्या. काम ऐकून मी बहिणीला म्हणालो, "अगं, हे तर आपल्या गावात निम्मे लोक फुकट करतात." बहीण हसली नाही. म्हणाली, "दादा, पोरगं थंडीत उघड्यावर बसलंय, डबा तेवढा देऊन ये." डब्यात भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी पंधरा मिनिटांत परतणार होतो. घरी पोहोचलो तेव्हा दूधवाला उठायची वेळ झाली होती.

भाच्याच्या हातात एक पॅड, त्यावर छापील तक्ता. तक्त्यात वाहनांचे रकाने. गाडी गेली की त्या रकान्यात उभी रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी, अशी जुडी बांधायची. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. एवढा शिकलेला मुलगा कोंबड्यांच्या हिशेबासारख्या रेघोट्या मारतोय, हे बघून मला आधी वाईट वाटलं. मग कळलं की देशातले रस्ते याच रेघोट्यांवर रुंद होतात. सलग सात दिवस, चोवीस तास, वर्षातून निदान दोनदा मोजायचं. एकदा पीक-पाण्याच्या, बाजाराच्या धांदलीत आणि एकदा सगळं थंडावलेलं असताना. आमच्याकडे डिसेंबरात मोजणी का, तेही मग आपोआप कळलं. ऊस निघालेला, पपईचे ट्रक भरताहेत, कापूस चाललाय आणि वर सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा तोंडावर आलेली. यापेक्षा जास्त धांदल हवी असेल तर लग्नसराईत यावं.

"नुसत्या रेघा नाही मामा," भाचा म्हणाला, "प्रत्येकाचा भाव वेगळा."

आणि त्याने मला भाव सांगितले. हे भाव ठरवते इंडियन रोड्स काँग्रेस. नावात काँग्रेस असली तरी ही निवडणूक लढवत नाही. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी एक समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली ही संस्था उभी राहिली. तेव्हापासून रस्ता किती रुंद, वळण किती मोठं, पांढरा पट्टा किती लांब, हे सगळं तिच्या पुस्तकांत असतं. गावाबाहेरच्या रस्त्यांसाठीचं तिचं १९९० सालचं पुस्तक म्हणतं की एक मोटार म्हणजे एक. रिक्षाही एक. मोटारसायकल अर्धी. सायकलसुद्धा अर्धी, म्हणजे हप्ते भरून बुलेट घेणाऱ्याचा आणि पंक्चर सायकल हाताने ढकलणाऱ्याचा मान सारखा. ट्रॅक्टर दीड. बस आणि ट्रक तीन. हातगाडीही तीन! म्हणजे शहाद्यात केळीची हातगाडी लावणारा माणूस आणि महामंडळाची लाल बस तराजूच्या दोन पारड्यांत घातली तर काटा मधोमध. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर साडेचार. घोडागाडी चार. आणि बैलगाडी आठ. लहान असेल तर सहा, पण आमच्याकडे बैलगाडीला लहान म्हटलेलं मालकाला आवडत नाही.

"हे आठ कुठून आलं?" मी विचारलं.

"हे माप गाडीच्या आकाराचं नाही," तो म्हणाला. "ती मागच्यांना किती अडवते, त्याचं आहे."

मला एकदम सगळं उमगलं. जो जास्त अडवतो, त्याचा आकडा मोठा. मी तीस वर्षं ज्या सोसायटीचा सभासद आहे तिथेही हेच चालतं, फक्त तिथे छापील तक्ता नाही.

इतक्यात समोरून एक क्रूझर आली. आमच्या जिल्ह्यातली क्रूझर ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. तिच्यात किती माणसं बसतात, हा प्रश्न चुकीचा आहे. किती उरतात, हे विचारावं. आत माणसं, मागच्या पायरीवर माणसं, टपावर माणसं, टपावरच्या माणसांच्या मांडीवर गाठोडी आणि एका गाठोड्यातून मान काढून बोकड रस्ता बघतोय. ड्रायव्हर एका मांडीवर बसलेला, दुसरी त्याने प्रवाशाला दिलेली. भाच्याने रेघ मारली. एक.

"एक?"

"मोटारीच्या रकान्यात एक."

तिच्या मागोमाग उसाची टायरगाडी. गाडीवान उसावर आडवा होऊन घोंगडी पांघरून झोपलेला, बैलांना कारखान्याची वाट पाठ. भाच्याने रेघ मारली. आठ.

आता तुम्हीच बघा. क्रूझरमधली गावजत्रा एक आणि झोपलेला गाडीवान आठ. हिशेब चुकलेला नाही, सांगतो. रस्त्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. मागे खोळंबलेल्या मोटारवाल्याला विचारा, तो आठाचे अठरा करून देईल. पण बाभळीखाली बसून मला वाटत राहिलं की ज्याने हे माप काढलं त्याने रस्त्यावरून गाड्या जाताना पाहिल्या. माणसं जातात याकडे त्याची पाठ असावी. मुंबई-पुण्यातही हाच घोळ आहे म्हणतात. बसमधली साठ माणसं तीन आणि तीन मोटारींतली तीन माणसंही तीनच. मग पूल कोणासाठी बांधले जातात, ते सांगायला नको.

अकराच्या सुमाराला मोजणीची खरी गंमत सुरू झाली. अंधारात गाडी ओळखायची कशी? दोन दिवे म्हणजे मोटार किंवा ट्रक, एक दिवा म्हणजे मोटारसायकल, असा सरळ नियम कुणालाही सुचेल. तो आमच्याकडे चालत नाही. एक दिवा दुरून येत होता. भाच्याने मोटारसायकलीच्या रकान्यात रेघ मारायला पेन टेकवलं आणि दिवा जवळ आला तसा पाठोपाठ डोंगर आला. एका डोळ्याचा ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यावर मोठ्या आवाजात आदिवासी लोकगीताचं रिमिक्स. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. तिची ओळख फक्त तिच्यामागे अचानक ब्रेक दाबणाऱ्याला होते. अर्ध्याचे साडेचार झाले. आणि दोन ट्रॉल्या? एका ट्रॉलीचा भाव पुस्तकात आहे, दोनचा नाही. भाचा जरा घुटमळला. मग त्याने शेरा लिहायच्या जागी "ट्रॉली २" असं लिहिलं. मी लहानपणी गृहपाठ केला नसला की वहीत असंच काहीतरी लिहीत असे.

घोड्यांनी तर तक्त्याची पार दैना केली. सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा म्हणजे घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र, काळेभोर, लांबलांबून येतात. मोठ्या मालकांचे घोडे ट्रकमधून येतात. ट्रकात घोडे कितीही असोत, ट्रक म्हणून तीन. आता यातलाच एखादा घोडा उतरवून टांग्याला जुंपला तर चार. आणि मालक घोड्याचा लगाम हातात धरून पायी चालला तर? शून्य. त्या रात्री आमच्यासमोरून एक पांढरा घोडा चालत गेला. अंगावर मखमली झूल, पायांत घुंगरू, चालही अशी की रस्ता आपल्या बापाचा. त्याची किंमत माझ्या दुकानाहून जास्त असावी. मागे तीन ट्रक, एक बस आणि क्रूझर हॉर्न न वाजवता रांगेत. घोडा बिचकेल म्हणून. घोड्याच्या खाती रेघ नाही. त्याच्यामुळे अडलेल्या सगळ्यांच्या मात्र रेघा.

मी भाच्याला म्हणालो, "अडवणुकीचं माप आहे ना? मग याला तरी वीस दे."

"त्याला चाकं नाहीत मामा."

सगळं तिथेच येऊन थांबतं. चाक असेल तर तुम्ही वाहतूक, नसेल तर तुम्ही फक्त जाताय.

मोजणीवर भाच्याबरोबर दुसरा एक मुलगा होता, धडगावकडचा पावरा आदिवासी. बोलायला कमी, पण बोलला की बोचेल असं. तो थर्मासमधला चहा कपांत ओतत म्हणाला, "काका, आमच्या पाड्यावरून आजारी माणूस बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणतात. चार माणसं खांदा देतात, चार मागून चालतात, खांदे बदलायला. त्याचा भाव काय?" भाच्याने खरंच तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला. मग पॅड उलटं करून मांडीवर ठेवलं. नर्मदेच्या काठच्या गावांना दवाखाना बोटीतून येतो. बोटीलाही रकाना नाही, पण तिचा निदान रस्त्यावर हक्क नाही. झोळी तर डोंगराच्या पायवाटेवरून येऊन शेवटी डांबरीच गाठते.

रस्ता गावापर्यंत न्यायचं तर कधीच ठरलं होतं. १९४३ साली नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले होते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही रस्त्यांची उतरंड तिथलीच. चांगल्या शेतीच्या मुलखात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असं त्यांनी ठरवलं. कागदावर चौकटी आखल्या की मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत पाच मैल बरोबर भरतात. मी त्या मुलाला हे सांगितलं. त्याने विचारलं, "पाच मैल आडवे की उभे?" सातपुड्यात हा प्रश्न विनोदाने विचारत नाहीत.

घाटाचंही पुस्तकात सगळं आहे. नागमोडी वळणाच्या आतल्या बाजूची त्रिज्या निदान चौदा मीटर, वेग ताशी वीस धरायचा. तोरणमाळच्या घाटाला लोक सात पायरी म्हणतात. नावातच त्यांनी चढ सांगून टाकलाय. मी तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात एकदा एसटीच्या पहिल्या बाकावर बसलो होतो. एका वळणावर गाडीचं तोंड दरीवर गेलं. समोरच्या काचेत रस्ता नाही, आभाळ. माझ्या शेजारची आजी शांतपणे शेंगा सोलत होती. टरफलं खिडकीबाहेर टाकून म्हणाली, "खाली बघू नको, ड्रायव्हर बघतोय." चौदा मीटर होते की नव्हते, मी डोळे मिटलेले असल्याने सांगू शकत नाही.

पण मला सगळ्यात आवडले ते अडीच सेकंद. भाचा म्हणाला, समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत ड्रायव्हरला अडीच सेकंद लागतात, असं धरून रस्ता आखतात. या अडीच सेकंदांचे चार टप्पे आहेत. पाहणं, समजणं, भावना आणि निर्णय. इंजिनिअर लोकांनी ब्रेक दाबण्यात भावना धरली आहे, हे ऐकून माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. फक्त आमच्याकडे दुसरा टप्पा लांबतो. म्हैस दिसली की बाहेरगावच्या ड्रायव्हरला म्हैस दिसते. आमच्या माणसाला आधी प्रश्न पडतो, ही कुणाची? गावातल्या पुढाऱ्याची निघाली तर तिसरा टप्पा लगेच येतो. आणि नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांजवळून जाताना तर हे चारही टप्पे कोलमडतात. मैदानभर लालभडक मिरची वाळत पडलेली, वारा रस्त्याच्या दिशेचा. खिडकी उघडी असली की पहिला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी, मग सलग चार शिंका. शिंकताना डोळे उघडे ठेवणारा ड्रायव्हर अजून जन्मायचाय. अडीच सेकंदांत ठसक्याची तरतूद नाही.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून सव्वा मीटरच्या जरा खाली, १.२ मीटरवर धरतात, आणि समोर पडलेला अडथळा पंधरा सेंटिमीटर उंच. तेवढं दिसलं पाहिजे. शेळी याहून उंच, बकरू उंच, रस्त्यावर धान्य वाळत घातल्यावर त्याच्या कडेला राखणीला ठेवलेला दगडही उंच. पंधरा सेंटिमीटरच्या आत बसतो तो एकच, दारू पिऊन कडेला आडवा झालेला माणूस, आणि तोही कूस बदलेपर्यंत.

पंधरा सेंटिमीटर हा आकडा या पुस्तकांचा लाडका दिसतो. फुटपाथाची उंचीही त्याहून जास्त नको म्हणतात, आणि चालायची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर, बाजारपेठेत अडीच. आमच्या बाजारात मी एकदा पावलांनी मोजून बघितलं. फुटपाथावर पहिल्यांदा दुकानाचं काउंटर, मग दुकानाची पायरी, मग पायरीवर मांडलेल्या बादल्या, मग बादल्यांपुढे उभी मोटारसायकल, मग तिच्यावर बसून मोबाइल बघणारा दुकानदाराचा मुलगा. उरलेल्या जागेत मी. कबूल करतो, त्या बादल्यांच्या शेजारचं दुकान माझं आहे आणि वह्यांचा स्टँड मी रोज सकाळी बाहेरच काढतो. आत ठेवला तर गिऱ्हाइकाला दिसत नाही.

गतिरोधकाचा नियम मात्र कुणी पाळलेला मी आयुष्यात पाहिला नाही. पुस्तकातला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, सतरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. म्हणजे जवळजवळ सपाटच, ताशी पंचवीसच्या वेगाने अलगद झुलवणारा. आमच्याकडचा गतिरोधक रात्रीत उगवतो. अपघात होतो, गाव जमतं, चार जण ट्रॅक्टरभर मुरूम आणतात, आणि त्याचं माप मीटरमध्ये नसतं, घमेल्यात असतं. "अजून चार घमेली टाका, परवाचा टेम्पो याच्यावरून उडून गेला असता." सकाळी पहिली मोटार त्यावर बसते. उडत नाही, बसते, मधोमध, चारही चाकं हवेत. मग तीच चार माणसं तिला उचलून पलीकडे ठेवतात. वाहन एक, अडवणूक पुस्तकाबाहेरची.

मघाची बैलगाडी रिकामी होऊन परत आली तेव्हा बारा वाजून गेले होते. आता गाडीवान जागा होता. आमचा उजेड बघून त्याने बैल थांबवले.

"काय करी राहिनात रे भो?"

"गाड्या मोजतोय बाबा."

"मना बैल मोजात का?"

"मोजले. तुमची एक गाडी म्हणजे आठ मोटारी धरल्यात."

बाबांनी आमच्याकडे बघितलं, मग बैलांकडे, मग चंद्राकडे. हे आपली थट्टा करताहेत की सरकार, याचा अंदाज घेतला असावा. भाच्याने तक्ता दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बैलगाडीचं छोटं चित्र ओळखू आलं, त्याच्यापुढचा आकडाही. जवळच्या बैलाच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. मागून दोन ट्रक येऊन उभे राहिले होते, हॉर्न वाजत होते. बाबांनी एकदा वळून त्या दिव्यांकडे बघितलं आणि बैलांना जराही न हाकता, मधोमध, निवांत निघाले. दुसऱ्या दिवशी भाच्याने सांगितलं की त्याच ऊसतोडीच्या टोळीतल्या एका गाडीवानाने संध्याकाळी मुद्दाम दोनदा फेरी मारली आणि दोन्ही वेळा थांबून रेघ मारलेली बघून गेला.

मी मनाशी हिशेब केला. एकपदरी रस्त्याला दिवसाला दोन हजार मोटारींएवढा भार झेपतो. दोनपदरीला पंधरा हजार. दोन हजार भागिले आठ, अडीचशे गाड्या. म्हणजे एखाद्या सरपंचाला रस्ता रुंद करून हवा असेल तर निवेदनं, उपोषणं, मंत्र्यांच्या गाडीपुढे आडवं पडणं, काही लागत नाही. मोजणीच्या आठवड्यात रोज तीनशे बैलगाड्या फिरवल्या की झालं. भाच्याला ही कल्पना मी मोठ्या उत्साहाने सांगितली. तो म्हणाला, "मामा, हे कुणाला सांगू नका." सुचणारा मी पहिला नसणार.

पायी चालणारे रात्रभर येत होते. सारंगखेड्याला दर्शनाला निघालेली माणसं, डोक्यावर गाठोडं, पायात चप्पल किंवा तीही नाही. ऊसतोडीवरून परतणाऱ्या बायका, डोक्यावर वाढ्याचे भारे, पोरं कडेवर. रस्त्याच्या कडेला चालायला जागा नव्हती म्हणून डांबरावरून चालायच्या आणि दिवा दिसला की गवतात उतरायच्या. दर दोन मिनिटांनी वर, खाली, वर, खाली. भाचा कंटाळ्याने असेल किंवा झोप येऊ नये म्हणून, त्याने तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक रकाना आखला होता. वर काही लिहिलं नव्हतं. माणूस गेला की तिथे रेघ. पाच-पाचच्या जुड्या खालच्या कडेपर्यंत आल्या होत्या.

"हे कुठे देणार?"

"कुठे नाही. पुढची बाजू स्कॅन होते."

नवापूरच्या स्टेशनवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिकीट या राज्यात काढायचं आणि स्टेशन मास्तर गाठायचा तर त्या राज्यात जायचं. तो बाक बघायला लोक येतात, त्यावर दोन राज्यांत दोन पाय सोडून फोटो काढतात. मला त्या बाकाचं कधी नवल वाटलं नव्हतं. त्या रात्री कागदाची ती मागची बाजू बघताना मात्र तो आठवला.

एक वाजला. थंडी हाडांत शिरली होती. भाच्याची पाळी सकाळपर्यंत, त्याची सुट्टी नव्हती. पावरा मुलाची पाळी संपली होती, त्याला शहाद्यापर्यंत सोडतो म्हटलं. रिकामा डबा हँडलला अडकवला, तो मागे बसला, त्याच्या मांडीवर त्याची गोधडी, गोधडीवर थर्मास. मी किक मारली. थोडं पुढे जाऊन आरशात बघितलं तर भाच्याने मोबाइलची बॅटरी कागदावर धरली होती आणि मान खाली घातली होती.

"मारली," मागून तो मुलगा म्हणाला.

"किती?"

"आपण दोघं, डबा, गोधडी, थर्मास. अर्धी."